भिजलेल्या मालाचा दोष दर वेळी समुद्राला नको

महोदय,

समुद्रमार्गे आलेला माल ओला, बुरसलेला किंवा गंजलेला निघाला की ‘खारं पाणी शिरलं’ असं सरसकट गृहीत धरलं जातं. कंटेनर धड असतो, दाराचं रबर शाबूत असतं, तरी वरच्या थराच्या पोत्यांवर थेंबांचे डाग असतात. असं पाणी बहुतेक वेळा मालाबरोबरच आत आलेलं असतं.

हिशेब करून पाहावा. २० फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे ३३ घनमीटर. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत फार तर ३० ग्रॅम वाफ मावते, म्हणजे सगळ्या हवेत मिळून जेमतेम एक लिटर पाणी. त्याच कंटेनरात १२ टक्के ओलाव्याचं २० टन धान्य भरलं, तर धान्यात २,४०० लिटर पाणी असतं. दिवसा पत्रा तापतो, धान्य वाफ सोडतं. रात्री छप्पर गार पडलं की तीच वाफ छताला आतून दवासारखी धरते आणि टपटप मालावर पडते. छताच्या पन्हाळीच्या रेषेत पोत्यांवर ओले पट्टे उमटले असतील, तर रोख छताच्या घामाकडेच जातो.

त्यामुळे खरी तपासणी माल भरतानाच व्हायला हवी. धान्याचा ओलावा केवळ वरच्या नव्हे, तर वेगवेगळ्या पोत्यांच्या पोटातून मोजावा. पॅलेट (माल रचायच्या लाकडी चौकटी) आणि टेकूच्या फळ्यांना ओलावा मोजणारा मीटर लावावा. २० टक्क्यांच्या वर आकडा गेला तर ते लाकूड बाजूला काढावं. इथे एक गैरसमज फार नुकसान करतो. किडीसाठी उष्णतेची प्रक्रिया केल्याचा शिक्का लाकडावर असतो, म्हणून ते कोरडं समजलं जातं. त्या प्रक्रियेत लाकडाचा गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं ठेवतात. कीड मरते, ओल मात्र राहू शकते.

कंटेनरात एकाने आत उभं राहावं, दुसऱ्याने बाहेरून दारं लावावीत. डोळे अंधाराला सरावले की छताचं सुईएवढं भोकही चमकतं. भिंतीवरच्या लहान झडपांवर मात्र विसंबू नये. त्या हवेचा दाब सांभाळतात, माल वाळवत नाहीत. ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्यांचं बाहेरचं वेष्टन दार बंद करण्याच्या अगदी आधी फोडून त्या टांगाव्यात. सकाळी फोडून ठेवल्या तर त्या गोदामाचीच हवा पिऊन बसतात. आणि ओला माल त्यांच्या भरवशावर भरणं निव्वळ चुकीचं.

जहाजाच्या होल्डमध्ये, म्हणजे कंटेनरशिवाय माल भरायच्या पोटातल्या कोठारात, हवा खेळती ठेवायची की कोंडायची, याला साधा नियम आहे. भरतेवेळचं मालाचं तापमान लिहून ठेवावं. बाहेरची हवा त्याहून किमान ३ अंशांनी थंड असेल तर वारा द्यावा, नसेल तर झडपा बंद. गार प्रदेशात भरलेली पोलादी गुंडाळी उष्ण, दमट पट्ट्यात आली आणि कुणी झडपा उघडल्या, तर बाहेरची ओल थेट गार पोलादावर बसते आणि गंज सुरू होतो. उलट उष्ण प्रदेशातलं धान्य थंडीकडे जाताना वारा अवश्य हवा, रात्रीसुद्धा. सूर्य मावळला म्हणून झडपा लावण्याला काहीच आधार नाही. पाऊस किंवा लाटांचे तुषार असतील तेव्हा बंद कराव्यात आणि वेळ व कारण नोंदवहीत लिहावं.

हॅचचं, म्हणजे होल्डच्या तोंडावरच्या झाकणाचं, रबर दबून कायमचं खोलगट झालं असेल तर तो तुकडा बदलावा. वरून नवी पट्टी चिकटवणं किंवा टेप लावणं हा उपाय नव्हे. पाणी वाहून नेणारी भोकं गंजाच्या पापुद्र्यांनी तुंबलेली नाहीत ना, तेही पाहावं.

तरी पाणी निघालंच, तर डागावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकतात. दुधी पांढरा साका आला की ‘समुद्राचं पाणी’ असा निकाल लगेच दिला जातो. पण ही चाचणी क्लोराइड (मिठातला एक घटक) दाखवते, समुद्र नव्हे. कॅल्शियम क्लोराइडची पिशवी फुटून गळली तरी साका तसाच येतो. तेव्हा निकालाआधी छताखालच्या पिशव्या मोजाव्यात आणि एकेक उलटून पाहावी.

– जहाजी मालाच्या तपासणीत काम करणारा एक वाचक