आधीच केलेली खूण

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, 39 रुपयांसाठी कुणी एवढं करतं का?" मी उत्तर द्यायला लागले तर तुझी मीटिंग सुरू झाली. उत्तर अर्धं राहिलं की मला झोप लागत नाही, म्हणून हे पत्र. मेसेजमध्ये लिहिलं असतं तर तू वर अंगठा ठेवून मोकळा झाला असतास.

पुण्याच्या बसचं तिकीट मी माझं मी मोबाइलवर काढलं. पहिल्या पानावर 550 रुपये होते. नाव, वय, कुठे चढणार, कुठे उतरणार असं भरत भरत शेवटी पोचले तर 648. त्यात कर होता, 'सोय शुल्क' होतं (सोय कुणाची ते लिहिलेलं नव्हतं), कुणाच्या तरी शिक्षणासाठी 10 रुपये देणगी होती आणि 39 रुपयांचा प्रवासविमा होता. विम्याच्या चौकोनात खूण आधीच केलेली. ती काढायला गेले तर दोन बटणं आली. एक ठळक हिरवं: 'हो, माझा प्रवास सुरक्षित करा'. दुसरं इतकं फिकट की चष्मा पुसून वाचावं लागलं: 'नको, मी धोका पत्करते'. मी धोका पत्करला. मग खिडकीची जागा हवी म्हणून एक पान मागे गेले, तेवढ्यात खूणबाई परत चौकोनात येऊन बसल्या. पैसे गेल्यावर पावतीत दिसलं.

आता ऐक. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असल्या युक्त्यांवर नियमावली काढली आहे. 13 प्रकार आहेत त्यात. जवळच्या सायबर कॅफेतून छापून आणली आणि पेन्सिल घेऊन वाचली. न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं, त्यात देणगीसुद्धा धरली आहे. सुरुवातीला एक भाव दाखवून टप्प्याटप्प्याने वाढवणं. 'दोनच जागा उरल्या' अशी खोटी घाई. आणि गिऱ्हाइकाला लाजवून हो म्हणायला लावणं. त्याचा नमुना म्हणून जे वाक्य दिलंय ते प्रवासविम्याचंच आहे. माझ्या एका तिकिटात तेरातल्या तीन तरी निघाल्या.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. मराठीतून बोलता आलं. मुलगी शांतपणे ऐकत होती, पावतीचा फोटो मागितला, तक्रारीचा नंबर दिला. काही दिवसांनी 49 रुपये खात्यात परत आले, देणगीसकट. सोबत एक ओळ नाही, काही नाही. मग मी मुद्दाम परत त्या ॲपमध्ये जाऊन तिकीट काढायचं नाटक केलं. खूण तशीच आहे. माझे पैसे माझं तोंड बंद करायला परत दिले, बाकीच्यांचे चालूच आहेत.

म्हणून 39 रुपयांचा प्रश्न नाही रे. गोरेगावची माझी मावशी 1972 साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर महागाईविरुद्ध लाटणं घेऊन रस्त्यावर उतरली होती. तेव्हा भाव वाढवणारा दुकानदार समोर दिसायचा तरी. तेल नाही म्हणाला तर त्याच्या दुकानामागे डबे आहेत का ते जाऊन बघता यायचं. आता ज्याने ती खूण केली तो कुठे बसतो? माझ्या मते तुझ्यासारखाच कुणीतरी, तुझ्याच वयाचा, बंगळुरात, चांगल्या खुर्चीवर. तुझी कंपनी वेगळी आहे हे मला ठाऊक आहे. पण पानं आखण्याचं काम तेच. तुला कुणी 'ही खूण आधीच करून ठेव' म्हणालं तर तू काय म्हणतोस, हे मला खरंच जाणून घ्यायचंय. नोकरी सोड असं मी म्हणत नाही. विचारलेलं चालतं की नाही तिथे, एवढं सांग.

पाण्याच्या फिल्टरचं रामायण लिहीत नाही. लाल दिवा पाणी किती गाळलं त्यावर लागत नाही, दिवसांवर लागतो, हे दुरुस्तीला आलेल्या पोरानेच सांगितलं. बिचारा प्रामाणिक होता. दोन महिने मी गावाला असले तरी दिवा आपला वेळेवर लालच. बिस्किटाच्या पुड्याची किंमत तीच आणि आतली बिस्किटं कमी, हे तर तू लहान असताना मोजून दाखवायचास.

रविवारी आम्ही चौघीजणी दंडोबाला गेलो. मिरजेहून पंढरपूरच्या रस्त्याने. पाऊस आपल्या पूर्वेकडे हात आखडूनच असतो, पण यंदा डोंगर चांगला हिरवा झालाय. डोंगरात कोरलेलं ते देऊळ तुला आठवत असेल. आतल्या अंधाऱ्या प्रदक्षिणेत तू माझा पदर सोडायचा नाहीस. वरून खाली द्राक्षबागांचे पट्टे दिसतात. म्हैसाळ योजनेचं पाणी उचलून आणायच्या आधी हा सगळा मुलूख कसा होता ते तुझ्या बाबांनी पाहिलेलं. भडंग, शेंगा, दहीभात, सगळं मनासारखं. फक्त एका टोळक्याने आणलेला स्पीकर. डोंगरावर येऊन गाडीतलीच गाणी ऐकायची तर गाडीतच बसावं. आमच्यातल्या कुलकर्णीबाईंनी जाऊन सांगितलं, "बाळांनो, जरा हळू." त्यांनी लगेच बंद केला, आणि वर आमच्याकडून भडंगही खाल्लं. समोर माणूस असला की असं होतं.

आता मुख्य गोष्ट. तुझा तानपुरा.

कपाटावर पडून त्याची एक खुंटी सैल झाली होती, घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारांचे चर पडले होते, आवाज नुसता टणटण. सतारमेकर गल्लीत घेऊन गेले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची चौकट दुकानात लावली आहे. पण काम करायची जागा तीच, जमिनीवर पोतं आणि भोवती भुसा. हत्यारांना धार लावणारी ही घराणी, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी वाद्यांकडे वळली. भोपळे अजून मंगळवेढा-पंढरपूरकडचे, भीमाकाठचे. तिथले चाचा म्हणाले, भोपळा उत्तम आहे, याला काही करायचं नाही, जवारी काढू, म्हणजे घोडी घासून झंकार परत आणू.

मी तिथेच बसून राहिले. तू कधी हे बघितलं नाहीस. घोडीचा पृष्ठभाग कानशीने घासायचा, मग अगदी बारीक कागदाने. तार चढवायची, छेडायची, खाली सुताचा धागा सरकवून बघायचा, मान हलवायची, तार उतरवायची, पुन्हा घासायचं. किती घासायचं याचं माप कुठेच लिहिलेलं नाही, कानावरच सगळं. तार घोडीला निसटती लागत राहिली पाहिजे, तरच तो लांबणारा झंकार येतो. जरा जास्त घासलं की गेलं. मध्ये त्यांना फोन आला तर त्यांनी उचलला नाही. शेवटी चारही तारा लावून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ताई, आठ दिवस रोज लावा, तारा बसतील. मग परत आणा, थोडं बघावं लागेल. त्याचे पैसे नाहीत."

तुझ्या मोबाइलमधला तानपुरा मला वाईट वाटतो असं नाही. प्रवासात बरा. सुरात असतो, हात दुखत नाही. पण तो लावावा लागत नाही, आणि तुझा कान तयार झाला तो लावताना. गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली प्रवासात सिंगपेरुमाळकोइल स्टेशनावर वारले. अखेरच्या वेळीही त्यांनी तानपुरा लावायला सांगितला होता, असं आपल्याकडे सांगतात. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला खाँसाहेबांच्या नावाने होणाऱ्या सभेत चिंचेखाली तुला मांडीवर घेऊन मी रात्र काढली आहे. तू पहिल्या गाण्यालाच झोपायचास.

शेजारी अकरा वर्षांची मुलगी राहायला आली आहे. गळा मोकळा आहे, शिकवणी लागली आहे. तिच्याकडे ॲपच आहे. तुझी हरकत नसेल तर तानपुरा तिला वापरायला द्यावा म्हणते. कायमचा नाही. तू नवरात्रात आलास की मिरजेतल्या अंबाबाईच्या देवळातल्या संगीत महोत्सवाला जाऊ, तेव्हा ती कशी लावते ते बघ आणि मग ठरव. तू नाही म्हणालास तरी मला चालेल, तानपुरा तुझा आहे. विचारल्याशिवाय मी देणार नाही.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट आत्ताच काढ, मग वेटिंग लागतं. विम्याचा चौकोन बघून घे. आणि त्या खुणेबद्दल विचारलंय त्याचं उत्तर फोनवर दे, मीटिंग नसेल तेव्हा.

तुझी,
आई