पंधरापैकी चौदा

विनिपेग, कॅनडा,
10 नोव्हेंबर 2024

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

गुरुवारी आईचा फोन आला तेव्हा मागे जो आरडाओरडा चालला होता, तो दंगा नव्हता. मॅच होती. "आई, मी नंतर करते" असं मी दोनदा ओरडले, ते तिला ऐकू गेलं नाही, आणि मग ताईचे लागोपाठ सहा मेसेज. फोनवर सांगायला जावं तर बाबा स्कोअर विचारतात, आई जेवलीस का विचारते, आणि मधल्यामध्ये सांगायचं ते राहून जातं. आज रविवार आहे, बाहेर बारीक बर्फ पडतोय, म्हणून कागदच घेतला.

इथली टीम म्हणजे विनिपेग जेट्स. आइस हॉकीची मोठी लीग एनएचएल, तिच्यात 32 संघ. प्रत्येकाला ऑक्टोबर ते एप्रिल 82 सामने, त्यातले 41 घरच्या बर्फावर. एवढी सगळी तिकिटं एकट्याला ना परवडतात, ना तेवढी सवड असते. आमच्या लॅबमधल्या चौघांनी मिळून दोन खुर्च्या सीझनभरासाठी घेतल्या होत्या. त्यांतली एक दुसऱ्या गावी गेली आणि तिचा वाटा माझ्या गळ्यात पडला. मला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. हो म्हटलं, कारण नोव्हेंबर ते मार्च इथे संध्याकाळी करायचं काय हा प्रश्न मागच्या वर्षीच भेडसावून गेला होता.

आता गंमत ऐका. मी गेले तो पहिला सामना 28 ऑक्टोबरचा, टोरांटोविरुद्ध. तोवर जेट्स आठ खेळले होते आणि आठही जिंकले होते. पहिलाच सामना एडमंटनला त्यांच्या घरी जाऊन 6-0. आणि मी खुर्चीत बसले त्या दिवशी हरले, 6-4. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. पांढऱ्या पायाची हा शब्द त्यांच्या भाषेत नसेल, पण भावना अगदी तीच होती. त्यानंतर मी गेले नाही तर हे पुन्हा जिंकायला लागले! काल डॅलसला 4-1 हरवलं आणि हिशेब पंधरापैकी चौदा झाला. एनएचएल 1917 पासून चालू आहे, पण पहिल्या पंधरांत चौदा जिंकणारा संघ आजवर झाला नव्हता.

बाबा म्हणाले, मग तिथे मिरवणूक निघाली असेल. तेच तर सांगायचं आहे. कुणी हसतसुद्धा नाही. बसमध्ये, लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये कुणाला म्हणावं, काय जोरात चाललंय तुमचं, तर उत्तर ठरलेलं: "अजून नोव्हेंबर आहे." मूल गुटगुटीत आहे म्हटलं की आजी झटकन काळं बोट लावायची, तसं हे "अजून नोव्हेंबर आहे" म्हणतात.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा बसतात. सत्तरीच्या पुढचे, कानावर लोकरीची टोपी, हातात कॉफीचा ग्लास, तो सामन्याचे तीन भाग, म्हणजे तीन पीरियड, पुरवतात. टोरांटोशी हरलो तेव्हा मी रडवेली झाले होते, तर हे म्हणाले, "बरं झालं. आता रात्री झोप लागेल." मला वाटलं चेष्टा करतात. मग या गुरुवारी मधल्या सुट्टीत, बर्फ गुळगुळीत करणारी झॅम्बोनीची गाडी फेऱ्या मारत होती तेव्हा, त्यांनी सगळं सांगितलं. जुने जेट्स 1972 चे. 1979 मध्ये ते एनएचएलमध्ये आले. पैशाचं गणित जमेना, तेव्हा 1996 मध्ये संघ उचलून अमेरिकेत फीनिक्सला नेला. 28 एप्रिल 1996 ला जुन्या स्टेडियममधला शेवटचा सामना, डेट्रॉइटशी, 4-1 ने हरले. आजोबा तिथे होते. भिंतीवर एलिझाबेथ राणीचं भलंमोठं चित्र टांगलेलं असायचं, लोक त्या चित्राकडे बघत रडत होते म्हणे. सामना संपल्यावर कुणी उठेना. टीमू सेलाने नावाच्या पोराने 1992-93 मध्ये आल्या आल्या 76 गोल मारले होते, पहिल्याच वर्षी एवढे गोल तोवर कुणीच मारले नव्हते, त्यालाही शेवटच्या महिन्यांत देऊन टाकलं होतं. पंधरा वर्षं गावाला संघच नव्हता. 2011 मध्ये अटलांटाचा संघ विकत घेऊन इथे आणला आणि त्याला जुनंच नाव दिलं. फीनिक्सला गेलेल्यांचंही तिथे बस्तान बसलं नाही. यंदा तेही खेळाडू हलले, यूटाला गेले. मागच्या मंगळवारी तोच यूटाचा संघ इथे खेळायला आला होता, 3-0 हरून गेला. लोक फारसे ओरडलेही नाहीत, असं मैत्रीण म्हणाली.

म्हणजे आपला संघ उद्या असेलच असं या गावाने मानलेलंच नाही. आणि बघा ना, 2011 मध्ये सीझनची 13,000 तिकिटं हातोहात गेली होती. यंदा फेब्रुवारीत मालकांपैकी एक, मार्क चिपमन, यांनीच जाहीर सांगितलं की तो आकडा 9,500 वर आलाय आणि असं फार काळ चालणार नाही. साधारण पंधरा हजारांचं स्टेडियम, लीगमधल्या लहानांपैकी एक. पंधरापैकी चौदा सामने जिंकणारा संघ समोर खेळतोय आणि वरच्या मजल्यावर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. आजोबा खेळाआधी खुर्च्या मोजतात. मग खेळ बघतात.

खरं तर "अजून नोव्हेंबर आहे" याला हिशेबाचाही आधार आहे. आमच्याकडे एक मुलगा आहे, डबा खाताना आकडे मांडत बसतो. त्याचं म्हणणं असं: संघाने मारलेल्या शॉटपैकी शेकडा किती गोल झाले आणि समोरच्यांचे शेकडा किती अडवले, यांची बेरीज करायची. सगळ्या लीगची सरासरी शंभर. ज्याची बेरीज बरीच वर गेलीय तो आज ना उद्या खाली येतो, कारण त्यात नशिबाचा वाटा असतो. जेट्सची पॉवर प्लेची कमाई तर सध्या लीगमध्ये कुणाची नाही अशी आहे, आणि तीच सगळ्यात आधी आटते. मला हे चटकन पटलं. एका नमुन्यावरून निदान करू नये हे मी रोज दुसऱ्यांना सांगत असते. 82 मधले 15 म्हणजे पाचवा हिस्सासुद्धा नाही. पण त्याच मुलाने हेही सांगितलं की नोव्हेंबरच्या शेवटी अमेरिकेची थँक्सगिव्हिंगची सुट्टी येते, त्या दिवशी जे संघ पात्रतेच्या जागेत असतात त्यांतले चारातले तीन तरी एप्रिलमध्ये प्लेऑफला, म्हणजे बाद फेऱ्यांना, असतात. म्हणजे नोव्हेंबर अगदीच फुकट नसतो.

पॉवर प्ले म्हणजे क्रिकेटमधला नव्हे हं बाबा. इथे फाऊल केला की दोन मिनिटं काचेच्या डब्यात बसायचं, आणि तुमचा संघ तेवढा वेळ एक माणूस कमी घेऊन खेळणार. तुमच्या कबड्डीसारखंच की, गडी बाद होऊन रेषेबाहेर बसला की उरलेल्यांनी कोपरे सांभाळायचे. फरक एवढाच, गोल खाल्ला की बाहेर बसलेला लगेच आत येतो. बाकी गोली, म्हणजे गोलरक्षक, सोडून एका वेळी पाच जण खेळतात, तेही पाऊण मिनिटभर. तेवढ्यात दमतात आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून उड्या मारून बदली होतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, पळून चाललेत.

आता गुरुवारचं. कोलोराडोविरुद्ध. यांनीच मागच्या एप्रिलमध्ये जेट्सना पहिल्या फेरीत घरी पाठवलं होतं. पहिला सामना जेट्सनी 7-6 जिंकला आणि मग ओळीने चार हरले. जुने कोच रिक बोनेस निवृत्त झाले, त्यांच्या हाताखालचे स्कॉट आर्नियल यंदा मुख्य झाले. म्हणजे जुनी उधारी होती, आणि तिकीट माझ्या वाट्याचं. लॅबमधल्या तिघांनी आडून आडून सुचवलं की तू दमली असशील. मी गेले.

आत शिरताना टिमथी ईटन नावाच्या दुकानदाराचा ब्राँझचा पुतळा आहे. स्टेडियमच्या जागी पूर्वी त्याचं मोठं दुकान होतं, ते पाडून 2004 मध्ये ही इमारत उभी राहिली. पुतळा काळपट आहे, पण बुटाचा चवडा लोकांनी हात घासून घासून पिवळाधम्मक केलाय. तो घासला की दैव साथ देतं म्हणतात. आई, मी हातमोजा काढला आणि चांगला तीन वेळा घासला. मागचा माणूस खोकला तेव्हा पुढे सरकले.

राष्ट्रगीत चालू असताना "ट्रू नॉर्थ" (खरी उत्तर, म्हणजे कॅनडा) हे शब्द आले की अख्खं स्टेडियम एका आवाजात तेवढेच दोन शब्द ओरडतं. संघ परत आणणाऱ्या कंपनीचंही तेच नाव, त्यामुळे एका हाकेत देशही येतो आणि कंपनीही. माझ्या अंगावर काटा येतो, खोटं का सांगू.

सामना 1-0 असा सुटला आणि तो एकमेव गोल मला दिसला नाही. हातमोजा खुर्चीखाली पडला होता, तो उचलायला वाकले आणि भोंगा वाजला. डोकं वर काढलं तर सगळे उभे, आजोबा माझ्या पाठीवर थापा मारतायत आणि मी हातात मोजा धरून. आईचा फोन नेमका त्याच वेळी आला.

पण एरवीसुद्धा पक मला दिसतोच असं नाही. तीन इंच रुंद, एक इंच जाड, काळी रबराची चकती. फार उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. आजोबा म्हणतात, पकच्या मागे डोळे पळवू नकोस, गोलीकडे बघ, पक कुठे आहे ते तो सांगतो. म्हणून गुरुवारी मी तीनही पीरियड आमच्या गोलीकडेच बघितलं. कॉनर हेलेबक. सहा फूट चार इंच, अंगावर गाद्या बांधल्यासारखे पॅड. बाकीचे गोली झेपावतात, लोळण घेतात. हा जवळजवळ हलतच नाही. अर्धं पाऊल डावीकडे, गुडघे बर्फाला, आणि पक त्याच्या छातीवर येऊन थांबलेला असतो. जणू तो आधी तिथे पोचून वाट बघत होता. पस्तीस शॉट आले, पस्तीसही अडवले. साधारण दहात एक आत जातो, म्हणजे बघा. शेवटच्या मिनिटांत कोलोराडोने आपला गोली काढून सहावा खेळाडू घातला, सगळं भांडण याच्या दारात. माणसांचा गुंता, काठ्या, पाय, आणि त्यातून याचा मास्क स्थिर. आजोबांचा कॉफीचा ग्लास कधीच रिकामा झाला होता, तरी ते घोट घेत होते.

या हेलेबकने आणि मार्क शायफेलीने मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एकाच दिवशी, अगदी एकसारखा सात वर्षांचा करार केला. प्रत्येकी सात वर्षांचे साडेपाच कोटी नव्हे, जवळजवळ सहा कोटी डॉलर. बाबा आकडा वाचून हबकतील. पण आजोबा पैशाबद्दल बोललेच नाहीत. म्हणाले, "सगळे जातात. हे दोघं थांबले." इथे थंडी आहे, गाव लहान आहे, चांगले खेळाडू संधी मिळाली की निघतात, असंच ते तीस वर्षं बघत आलेत. मग माझ्याकडे वळून विचारलं, तू किती वर्षं आहेस इथे? मी म्हटलं, दुसरा हिवाळा. ते काही बोलले नाहीत. पुढच्या सुट्टीत माझ्यासाठीही कॉफी घेऊन आले.

असो. तब्येत ठीक आहे, नवा कोट घेतला, तो गुडघ्यापर्यंत आहे. ताईला म्हणावं, घाबरून सहा मेसेज करण्यापेक्षा एक कर आणि थांब.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी, 19 तारखेला, फ्लोरिडाचा संघ येतोय. इथली घड्याळं गेल्या रविवारी तासभर मागे गेली, त्यामुळे आता आपल्यात साडेअकरा तासांचं अंतर आहे. सामना इथे संध्याकाळी सातला, म्हणजे बाबांचा बुधवारचा सकाळचा चहा. तिकीट पुन्हा माझ्या वाट्याचं आहे. लॅबमधून बदल्यात डिसेंबरचे दोन सामने द्यायची तयारी दाखवलीय, वर एक रविवारची ड्यूटी. मी नाही म्हणून सांगितलंय. एकदा हरलो, एकदा जिंकलो, म्हणजे माझ्या पायांचा रंग अजून ठरलेला नाही. हातमोजे मात्र या वेळी दोरीने बाहीला बांधून नेणार आहे.

सामना चालू असताना आईने फोन करू नये.

तुमची,
धाकटी