माईला वाहती गंगा दाखवायची आहे

पैठण,
माघ वद्य अष्टमी

प्रिय दत्ता,

माईला कळलं.

कुणी सांगितलं ते विचारू नकोस, सांगणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. अण्णांच्या अस्थी सोडल्या त्या दिवशी गोदावरीचं, आपल्या गंगेचं, पाणी उभं होतं, राख जागची हलली नाही, आणि तू मांडीभर पाण्यात उतरून दोन्ही हातांनी पाणी लोटत होतास. तीन वर्षं दोघांनी पोटात ठेवलेली गोष्ट. ती रडली नाही. "मला गंगेवर ने. वाहती दाखव. बुडी मारीन मंग येईन," एवढंच म्हणाली. तुझं मागचं पत्र सहा महिने तसंच पडून आहे, त्याबद्दल रागाव, पण आधी हे वाच. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

इकडे सगळे बरे. माईचा बीपी गोळीवर आहे, उजवा गुडघा ऑपरेशननंतरही पुरता वाकत नाही. बाकी ठीक.

आता वाहती गंगा कुठून आणायची? जायकवाडीचं धरण गावाच्या वरच्या अंगाला, घाट खाली. धरणाचा नाथसागर 1522 फुटांना काठोकाठ भरला की सत्तावीस दरवाजांतून पाणी सुटतं, तेव्हा गंगा खरी वाहते, पण ती श्रावण-भाद्रपदात आणि अंगावर येणारी. 2006 च्या ऑगस्टात तीच गावात शिरली होती, तू तेव्हा चौंडीकाकूंना पाठीवर घेऊन माडीवर चढवलं होतंस. दरवाजे नुसते अर्धा फूट उचलले तरी घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर माणूस उभा करण्यात अर्थ नसतो. पावसाळा सरला की पाणी कालव्यांनी जातं, डावा 208 किलोमीटर, उजवा 132. नदीच्या पात्रात उरतं ते खालच्या बंधाऱ्यानं अडवलेलं. म्हणून अण्णांच्या वेळी जे झालं ते झालं, त्यात ना तुझी चूक ना गुरुजींची.

इथं तू म्हणशील, "मी तेव्हाच गंगाखेडला चल म्हणत होतो." म्हणत होतास. जनाबाईचं गाव, घाट चांगला, हे सगळं कबूल. पण खाली बंधारे तिकडेही झालेत, आणि अण्णांना पैठणच हवं होतं. आपलं जुनं गाव ज्या पाण्याखाली गेलं, त्याच पाण्याच्या काठी. धरणावरून आपण दोघं किती भांडलो रे. तुझ्या सासऱ्यांचा ऊस डाव्या कालव्यावर उभा, तू धरणाच्या बाजूनं बोलणारच! खरं तर दोघंही बरोबर होतो. तहानलेल्या परभणीला पाणी मिळालं, आणि आपली वेस गेली.

मी काल नागघाटावर जाऊन काठीनं पायऱ्या चाचपून आलो. वरच्या कोरड्या आहेत, त्यांची भीती नाही. भीती पाण्याच्या रेघेवरच्या दोन-तीन पायऱ्यांची. धरणाच्या पायथ्याला बारा मेगावॅटचं वीज केंद्र आहे, त्यातून पाणी खाली येतं आणि ते परत वर उपसायचीही सोय आहे. त्यामुळं घाटाशी पाणी वर-खाली होतं. पायरी बुडते, उघडी पडते, पुन्हा बुडते. तिच्यावर शेवाळ धरतं, वरून पिंडाच्या भाताचा चिकट थर, कापलेले केस, झेंडूच्या पाकळ्या. हात फिरवला तर साबण लावल्यासारखं लागतं. कोरड्या दिसणाऱ्या कडेलाही तोच थर असतो, आणि माणूस नेमका तिथंच निर्धास्त पाय टाकतो. माईचं नऊवारी लुगडं भिजलं की चांगलीच ओढ वाढते. गुडघा वाकत नाही, म्हणजे घसरली तर बसताही यायचं नाही, सरळ पडेल.

म्हणून ठरवलंय ते असं. गोणपाटाची दोन पोती ओली करून पायरीवर अंथरायची. कोरडं पोतं सरकतं, ओलं चिकटून बसतं. एकानं तिच्या खालच्या पायरीवर तिच्याकडे तोंड करून उभं राहायचं, दुसऱ्यानं मागून काखेत हात घालायचा, दंड धरायचा नाही. ओला दंड सुटतो. गुडघ्याच्या वर पाणी नको. तिनं पायरीवर बसायचं आणि तांब्यानं तीन वेळा डोक्यावरून घ्यायचं. सकाळी नऊच्या आधी नको, पाणी गार असतं. नाश्ता आणि गोळी घरून घेऊनच निघायचं, उपाशीपोटी तर अजिबात नाही.

अडतं ते तांब्यापाशी. "तांब्याची ती आंघोळ. बुडीची ती गंगा," असं तिचं म्हणणं. मी त्र्यंबकच्या कुशावर्ताचं सांगितलं, तेही दगडात बांधलेलं कुंडच, तिथं कुठं धार आहे? तर म्हणते, तिथं माझा माणूस नाही सोडलेला. यावर मी काय बोलणार? तिला पुण्य नकोय, दत्ता. अण्णा गेले की अजून तिथंच आहेत, एवढं तिला डोळ्यांनी पाहायचंय.

नाथषष्ठीला नेणं मला पटत नाही. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या दिंड्या उतरलेल्या असतात, अष्टमीच्या काल्यापर्यंत घाटावर पाय ठेवायला जागा नसते आणि मागून रेटा आला की पोतं काय नि आपण काय. तुकाराम बीज बरी. त्या दिवशी गावातल्या एकनाथांच्या वाड्यात रांजणाची पूजा होऊन तो भरायला घेतात. देवानं श्रीखंड्या होऊन नाथांघरी कावडीनं पाणी वाहिलं तो रांजण. षष्ठीपर्यंत लोक गंगेचं पाणी आणून ओतत राहतात. मला वाटतं, माईनं आंघोळ करावी, कळशीभर पाणी आपल्यापैकी एकानं उचलावं आणि तिच्या हातानं रांजणात ओतावं. तिनं ओतलेलं पाणी तरी जागचं हललेलं तिला दिसेल. मग बाहेरच्या नाथांकडे, समाधीला, तिथं सावलीत बसता येतं. वारकऱ्यांसाठी षष्ठीच्या सुमारास धरणातून पाणी सोडावं अशी मागणी असतेच. ते बीजेच्या आत सुटलं तर घाटाशी धार दिसेल. नाही सुटलं तर तिला तिथंच बसवून खरं सांगावं लागेल, की आई, तेव्हाही असंच होतं.

ते सांगणं मला एकट्याला जमणार नाही. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते. लहानपणी भोपळा सोडून डोहात उडी मारलीस तेव्हा तुझ्या पाठीत रट्टा घातला आणि वर दशमी खायला दिली, तेव्हापासून तू तिचा.

तुझ्या बदलीचं कळलं, बरं झालं. वहिनींना नमस्कार. चिमीची दहावी सुरू असेल, पेपर मधे येत असेल तर तिला सोडून येऊ नकोस, तसं लगेच कळव, मी धाकट्याला बोलावतो.

येणार असशील तर धुळवडीच्या रात्रीच ये. अहिल्यानगर-शेवगाववरून ये, संभाजीनगरचा फेरा नको. जुनं धोतर आण, पॅन्ट भिजली की पाय उचलत नाही. पोती माझ्याकडे आहेत. तांब्या ती अण्णांचाच घेणार म्हणते, तो घासून ठेवलाय.

तुझा,
विठ्ठल