हौदात मोरचूद नको

मा. संपादक,

उन्हाळा लागला की परसातल्या हौदाचे पाणी हिरवेगार होते आणि सुपारीवर बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक मिश्रण) फवारायला आणलेल्या मोरचुदातले, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षारातले (कॉपर सल्फेट), मूठभर कोणीतरी त्यात टाकते. दोन दिवसांत पाणी निवळते आणि सकाळी मासे पोट वर करून तरंगत असतात. कोकणात तरी हा उपाय कायमचा सोडायला हवा.

मोरचुदाची मात्रा पाण्याच्या अल्कलिनिटीवर, म्हणजे आम्ल पचवण्याच्या क्षमतेवर ठरते. ती लिटरला 100 मिलिग्रॅम असेल तर हजार लिटरला फार तर 1 ग्रॅम. 50 च्या खाली असेल तर मोरचूद वापरायचेच नाही. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी बहुधा असेच मऊ, कमी क्षारांचे असते, त्यात तांबे थेट कल्ल्यांना बाधते. सहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट खोल हौदात 1700 लिटरच पाणी मावते आणि चहाच्या एका चमच्यात पाच ग्रॅम मोरचूद सहज येते! यातून वाचलेले मासेही गुदमरतात, कारण एकदम मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते.

शेवाळ वाढते ते उन्हावर आणि उरलेल्या खाद्यावर. पाच मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्या. कुमुदिनीच्या पानांनी निम्मा हौद झाकू द्या. तिच्या कुंडीतले शेणखत मातीखाली दाबून वर खडी पसरा, नाहीतर तेच खत शेवाळाला मिळते. तंतूंचे शेवाळ बेचक्याच्या काठीला गुंडाळून थोडे थोडे काढा. काढलेला गुंता अर्धा तास हौदाच्या काठावर, पाण्याला टेकून ठेवला की आत अडकलेली गप्पीची पिल्ले सुटून परत जातात. मग तो माडाच्या आळ्यात टाकावा. भिंती मात्र घासू नयेत. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू तिथेच वाढतात.

हात कोपरापर्यंत बुडवल्यावर तळवा दिसेना, तर पाणी फार दाट झाले समजा. असे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तोच ओढून घेते. म्हणून मासे पहाटे वर येऊन तोंडे उघडतात आणि ऊन चढल्यावर ठीक दिसतात. हा रोग नव्हे, औषध घालू नका. त्या दिवशी खाद्य बंद, चौथाई पाणी बदला, रात्रभर एअर पंप चालू ठेवा. विहिरीच्या खोल पाण्यात प्राणवायू कमी असू शकतो, ते झारीतून उंचावरून सोडा. नळाचे पाणी आधी उघड्या पिंपात 24 तास ठेवा, क्लोरीन उडून जातो.

पावसाळ्याच्या तोंडावर फवारणी सुरू होईल. जवळ हौद असेल तर त्यावर ताडपत्री घाला आणि पंप धुतलेले पाणी त्यात जाऊ देऊ नका. कृषी सेवा केंद्रांनी मोरचुदाची पुडी देताना एवढे तोंडी सांगितले तरी पुष्कळ मासे वाचतील.

— एक मत्स्यपालक, कुडाळ