चाळिशीनंतर बायकांनी वजन उचलायलाच हवे

मा. संपादक,

'या वयात जड उचलू नकोस' हा सल्ला चाळिशी ओलांडलेल्या बाईला हमखास मिळतो. खरे तर पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हे हार्मोन घटते, हाडे झपाट्याने विरळ होऊ लागतात, स्नायूही झडतात. नुसत्या चालण्याने हे भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान २ दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते.

आमच्या परभणीत गल्लीतल्या चार-पाचजणी दुपारी ओसरीवर तांब्याला मोबाइल टेकवून व्हिडिओ लावतात. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला रेटून जोर, दोन्ही हातांत पाण्याच्या भरल्या बाटल्या. बाटली हलकी वाटू लागली की पिशवीत दोन किलो ज्वारी. वजन असे हळूहळू वाढवण्यातच सगळे आहे, आणि त्याची नोंद ठेवायला ॲप फार कामाला येते.

पण बहुतेक सूचना इंग्रजीत! 'श्वास रोखू नका, कंबर वाकवू नका' हे वेळेवर कळले नाही तर दुखापत ठरलेली. आरोग्य विभागाने फिजिओथेरपिस्टकडून तपासून घेतलेले छोटे मराठी व्हिडिओ करावेत आणि आशाताईंमार्फत बचत गटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवावेत. रक्तदाब, गुडघेदुखी असलेल्यांसाठी वेगळे व्हिडिओ हवेत.

– एक वाचक, परभणी