सोनटक्क्याचं बी

पुणे,
आषाढ शुद्ध दशमी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काकूंनी ७ वर्षांपूर्वी विहिरीकडेच्या सोनटक्क्याचा गड्डा ओल्या गोणपाटात गुंडाळून दिला होता, आठवतो ना? त्याला बी धरलं आणि त्याची रोपं आली! फोनवर सांगून समाधान होईना, म्हणून कागद घेतला.

आपण सोनटक्का गड्डे फोडूनच वाढवतो. दहा घरी गेला तरी झाड एकच, काकूंचं. मला दोन घरच्यांचं लग्न लावायचं होतं, म्हणून कोल्हापूरच्या मावशीकडचा गड्डा आणून शेजारच्या कुंडीत लावला.

भाद्रपदात दोन्ही फुलले. संध्याकाळी फूल उमललं की जवळ बसायचं. मधून एकच लांब पुंकेसर बाहेर येतो. त्याच्या खोबणीतून स्त्रीकेसराचा बारीक दोरा जातो आणि परागाच्या दोन पिशव्यांमधून त्याचं टाचणीएवढं हिरवट टोक डोकावतं. एकाचे पराग ब्रशवर घेऊन दुसऱ्याच्या त्या टोकाला लावले. रानात हे काम लांब सोंडेचे पतंग करतात. आमच्या तिसऱ्या मजल्यावर ते कुठले यायला!

दिवाळी उलटल्यावर बोंडं तीन बाजूंनी उकलली. आत नारिंगी अस्तर आणि तांबड्याभडक गरात माखलेले दाणे. अरे, काय देखणं दिसतं ते!

आदल्या वर्षीचं बी मी मिरचीच्या बियांसारखं वाळवून जूनपर्यंत ठेवलं होतं. एकही उगवलं नाही, फार वाईट वाटलं. हे बी ताजंच पेरायला हवं. या वेळी गर चोळून धुतला, दाणे रात्रभर कोमट पाण्यात ठेवले, कोकोपीट आणि वाळूत पेरले. थंडी होती, म्हणून ट्रेवर काच ठेवून तो फ्रीजवर ठेवला. ३७व्या दिवशी पहिली हिरवी सुई वर आली. ३५ दाण्यांतले १९ उगवले.

आता रोपं वीतभर झालीत. पान चुरगळलं की आल्यासारखा वास येतो. कुंडी बदलताना एक उपसलं, तर मुळांत हरभऱ्याएवढा गड्डा! बराच वेळ तळहातावर धरून बसलो. तसा दुसरा कुठल्याच घरी नाही.

फुलायला अजून दोनेक वर्षं जातील. काकूंच्या फुलांचा तो वास कोणात उतरतो, ते तेव्हाच कळेल.

श्रावणात येशील तेव्हा पिशवी घेऊन ये, सहा रोपं तुझी. पोफळींच्या पाटाकडेला लाव, पण जुन्या बेटापासून लांब. गड्डे एकमेकांत शिरले तर कुठलं कोणाचं ते ओळखू येणार नाही.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच