कार्डांचा डबा

सुप्रे,

"अजून नाचतेस का" विचारलंस ना, तर हो, आणि आता माईक घेऊन लोकांना नाचवायलाही शिकतेय! इथे मॅसॅच्युसेट्समध्ये कॉन्ट्रा डान्सचं लई वेड आहे. दोन लांब रांगा समोरासमोर, फिडल म्हणजे व्हायोलिन चालू, आणि पुढे काय करायचं ते माईकवरून कॉलर सांगणार. शाळेत लेझीमला सरांची शिट्टी असायची बघ, तसंच, फक्त इथे शब्द.

ट्यून ६४ ठोक्यांची, तिचे १६-१६ चे चार तुकडे, ए वन ए टू बी वन बी टू. साधारण अर्ध्या मिनिटात फेरी संपली की समोर नवी जोडी आणि परत पहिल्यापासून तेच. पण गंमत अशी की कॉल आधीच्या तुकड्याच्या शेवटच्या तीन-चार ठोक्यांत द्यायचा, उशीर झाला की सगळे नुसते तुझ्या तोंडाकडे बघत उभे. मग कागद वाचणार कधी?

मी शहाणी, सगळं फोनमध्ये टाईप करून गेले. दुसऱ्याच डान्सला स्क्रीन लॉक, बोटं घामेजलेली त्यामुळे अनलॉक होईना, आणि बँड काही थांबत नाही गं! नशीब तोवर नाचणाऱ्यांना क्रम पाठ झाला होता, त्यांनीच निभावून नेलं. (तसंही पाचसहा फेऱ्यांनंतर कॉलरने गप्पच बसायचं असतं.)

नंतर मला शिकवणाऱ्या बाईंनी त्यांचा डबा उघडला. पत्र्याचा, रेसिपीची कार्डं ठेवतात तो, आत ३ बाय ५ इंची कार्डं. वर डान्सचं नाव, कोणी रचला, रांग कशी लावायची, खाली चार तुकडे, कोपऱ्यात सोपं-अवघड सांगणारा रंगीत ठिपका. मागे तारखा, कुठल्या हॉलमध्ये कधी केला, म्हणजे त्याच लोकांना तेच परत नको. जुन्या कार्डांवर तर 'जेंट्स' 'लेडीज' खोडून लार्क आणि रॉबिन अशी पक्ष्यांची नावं लिहिलीयत, आता बऱ्याच ठिकाणी तसंच म्हणतात, कोणी कुठलीही बाजू नाचावी म्हणून. काहीजण कार्डं नावाप्रमाणे लावतात पण बाई मुख्य फिगरप्रमाणे, म्हणजे त्यातल्या मुख्य हालचालीप्रमाणे, कारण लागोपाठ दोन डान्सना 'हे' (hey, एकमेकांत वेणीसारखं गुंफत जायची फिगर) आली की लोक कंटाळतात.

संध्याकाळचे दहाबारा डान्स त्या टेबलावर पत्त्यांसारखे मांडतात, दारातून नवखे जास्त आले की अवघड कार्ड उचलून सोपं ठेवायचं, झालं. फोनवर असं पसरता येतच नाही. शोधायला मात्र नेटच, 'कॉलर्स बॉक्स' नावाचा भलामोठा डेटाबेस आहे, पण त्यातलंही मी आता हाताने उतरवून घेते, लिहितानाच निम्मं डोक्यात बसतं.

पुढच्या शनिवारी तीन डान्स माझ्याकडे दिलेत, पोटात गोळा आलाय.

आणि हो, तुझ्या आजोबांचं कीर्तनाचं बाड अजून माळ्यावर आहे ना? एकदोन पानांचे फोटो पाठव गं, समासात त्यांनी काय काय खुणा करून ठेवल्यात ते बघायचंय मला.

तुझी,
मनी